गोळी हातात पडल्यानंतर

गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात मिळणारी लाल गोळी फुकट असते, गावाजवळच्या उपकेंद्रात मिळते आणि तिचा गुण येतो. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथा महिना लागला की रोज एक अशा किमान १८० गोळ्या पोटात जायला हव्यात, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तेवढ्याच. २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या मातांना याबद्दल विचारलं, तेव्हा गरोदरपणात १८० दिवस गोळ्या घेतल्याचं सांगणाऱ्या शेकडा २६ निघाल्या. त्याच सर्वेक्षणात १५ ते ४९ या वयातल्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. महाराष्ट्राचा आकडा ५४ टक्के. त्याआधीच्या सर्वेक्षणात तो ४८ होता, म्हणजे मधल्या काळात तो वाढला.

असे आकडे समोर आले की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "बायकांना कळतच नाही." दवाखान्यात ऐकू येतं, सरकारी बैठकीत ऐकू येतं, शिकल्यासवरल्या घरांतही ऐकू येतं. मला ते पटत नाही, आणि ते ऐकून घेऊन पुढे जाणंही आता जमत नाही. गोळी हातात पडल्यापासून ती महिनोन्‌महिने पोटात जाईपर्यंत मध्ये काय काय घडावं लागतं, हे टप्प्याटप्प्याने पाहिलं की कळण्याचा प्रश्न एकट्या बाईच्या डोक्यात मावत नाही. त्यातला मोठा भाग तिच्या भोवती असतो. कागद कोणत्या भाषेत आहे, सांगणारा किती घाईत आहे, घरात शब्द कोणाचा चालतो, दिवसाचा रोज बुडवून दवाखान्यात जाणं परवडतं का, यावर तो ठरतो.

समजा, पाचवा महिना लागलेली एक बाई आहे. दहावीपर्यंत शिकलेली, शेतात मजुरीला जाणारी. गावच्या अंगणवाडीत महिन्यातून एकदा ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवस असतो. त्या दिवशी आशाताई तिला बोलावून आणतात, नर्सबाई बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब यंत्रात घालतात आणि माता-बाल संरक्षण कार्डावर आकडा लिहितात : ९.६.

या आकड्याला स्वतःचा असा अर्थ नाही. तो कशाशी ताडून पाहायचा हे माहीत असलं तरच त्यातून काही कळतं. हे हिमोग्लोबिन आहे, ग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये मोजलेलं. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली गेलं तर रक्त कमी समजतात, गरोदर बाईचं ११ च्या खाली. गरोदरपणात रक्तातला पाण्याचा भाग तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढतो, म्हणून रक्त थोडं पातळ होणारच, हे धरून तिची पातळी खाली ठेवलेली आहे. ७ च्या खालचा आकडा धोक्याचा, तिथे गोळ्यांवर विसंबत नाहीत, मोठ्या दवाखान्यात पाठवतात. ९.६ म्हणजे मधली पायरी : घाबरून जायचं कारण नाही, पण रोजची एक गोळी पुरणार नाही, दोन लागतील.

हीच बाई तालुक्याच्या खासगी लॅबमध्ये गेली तर वेगळंच होतं. तिथला रिपोर्ट इंग्रजीत असतो. आकड्यासमोर 'नॉर्मल रेंज' छापलेली असते, आणि बऱ्याचदा ती सरसकट सगळ्या बायकांची असते, गरोदर बाईसाठी वेगळी नसते. समजा तिचं हिमोग्लोबिन ११.४ आलं. गरोदर बाईला ते पुरेसं आहे. पण कागदावर आकडा ठळक छापलेला असतो आणि शेजारी कमी असल्याची खूण असते. घरातला इंग्रजी वाचणारा मुलगा ती खूण पाहून "रक्त कमी दाखवतंय" म्हणतो आणि घरभर काळजी पसरते. उलटही होतं. रिपोर्टवर खुणा असतात, पण डॉक्टर "ठीक आहे" म्हणून कागद परत देतात, आणि काय ठीक आहे हे विचारायचं राहून जातं. पदवीधर बाईचीही इथे हीच गत होते. वाचता येणं वेगळं आणि आरोग्याचा कागद वाचता येणं वेगळं.

आता सूचना. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं १-०-१. ज्याने पूर्वी औषधं घेतली आहेत त्याला लगेच कळतं : सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. पहिल्यांदा पाहणारीला ते एकशे एकही वाटू शकतं. तोंडी सूचनाही वाटते तितकी सोपी नसते. "रिकाम्या पोटी घ्या" म्हटलं तर आपल्याकडे सकाळचा चहा कोणी खाण्यात धरत नाही. बाई उठल्यावर कपभर चहा घेते आणि लगेच गोळी घेते, तिच्या मते पोट रिकामंच असतं. पण चहातले घटक लोहाला आतड्यात बांधून ठेवतात आणि ते रक्तात उतरत नाही. गोळी घेतली, पट्टी संपली, सूचना तंतोतंत पाळली, आणि तरीही लोहाचा बराचसा भाग वाया गेला.

यात कॅल्शियमची भर पडते. गरोदर बाईला त्याच्याही दोन गोळ्या रोज असतात, आणि कॅल्शियम लोहाला आडवं येतं, म्हणून दोन्ही एकदम घ्यायच्या नाहीत. म्हणजे दिवसाला चार गोळ्या, त्या एकमेकींपासून लांब, लोहाच्या चहा-दुधापासूनही लांब. हे सगळं दवाखान्याच्या दारात दोन वाक्यांत सांगितलं जातं. पहाटे पाचला उठून पाणी भरणाऱ्या, आठला शेतावर जाणाऱ्या, संध्याकाळी चूल पेटवणाऱ्या बाईच्या दिवसात या चार गोळ्या बसवायच्या कुठे, हे तिच्याबरोबर बसून ठरवावं लागतं. कॅल्शियम सकाळ-संध्याकाळच्या जेवणाबरोबर. लोहाची पहिली गोळी दुपारी, सकाळच्या जेवणानंतर किमान दोन तासांनी. ती भाकरीच्या फडक्यात बांधून शेतावर न्यायची. दुसरी रात्री झोपताना. गोळीबरोबर लिंबाचं पाणी किंवा पेरूची फोड, कारण त्यांतल्या क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. मळमळ होत असेल तर रिकाम्या पोटाचा हट्ट सोडायचा आणि काहीतरी खाऊन घ्यायची. थोडं कमी शोषलं गेलं तरी चालेल, गोळी बंद पडलेली चालणार नाही. एवढं बोलायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं नर्सबाईंकडेही नसतात, कारण त्याच दिवशी लसीकरण असतं, वजनं असतात आणि रजिस्टरं भरायची असतात. त्यांना दोष देऊन हाती काही लागत नाही, पण ही दहा मिनिटं कोणीतरी द्यावीच लागतात.

मग गोळी घरी येते. पहिल्या आठवड्यात शौचाला काळं होतं. हे आधी कोणी सांगितलं नसेल तर कोणतीही शहाणी बाई घाबरेल आणि गोळी थांबवेल. न शोषलेल्या लोहामुळे रंग बदलतो, त्यात धोका नसतो, हे एक वाक्य आधी कानावर पडलं असेल तर कित्येक पट्ट्या वाचतात. बद्धकोष्ठ होतं, तोंडाला लोखंडाची चव येते. सासूबाई म्हणतात, "गोळ्या गरम पडतात." शेजारीण म्हणते, "बाळ मोठं होतं आणि मग सिझर करावं लागतं."

या बोलण्याला अडाणीपणा म्हणून मोडीत काढणं सोपं आहे, आणि तिथेच संवाद संपतो. दोन-तीन दिवस अडलेल्या बाळंतिणी ज्या पिढीने पाहिल्या, त्या पिढीला मोठ्या बाळाची भीती वाटणार. ती भीती अनुभवातून आलेली आहे, तिला उत्तरही अनुभवाच्या भाषेतच द्यावं लागतं. लोहाच्या गोळीने बाळ अवाढव्य होत नाही. उलट आईच्या अंगात रक्त कमी असेल तर बाळ कमी वजनाचं आणि वेळेआधी जन्मण्याची शक्यता वाढते. आणि बाळंतपणात रक्त प्रत्येकीचंच जातं. जिच्याकडे मुळात ते कमी आहे, तिला ते जाणं झेपत नाही. हे सुनेला सांगून भागत नाही. घरात गोळी चालू ठेवायची की बंद करायची हे जिच्या शब्दावर ठरतं, त्या सासूबाईंनाच अंगणवाडीत बोलावून सांगावं लागतं. नवऱ्याला सांगावं लागतं. आरोग्याची माहिती एका माणसाला देऊन चालत नाही, ती घराला द्यावी लागते, हे जुन्या आशाताईंना चांगलं ठाऊक आहे.

"आता सगळं मोबाईलवर मिळतं की" असं कोणी म्हणालं तर त्याच सर्वेक्षणातला आणखी एक आकडा पाहावा. स्वतः वापरायचा मोबाईल देशातल्या ५४ टक्के बायकांकडे होता, आणि इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका होत्या ३३ टक्के. पुरुषांत हेच प्रमाण ५७. त्यानंतर फोन वाढले असणार. पण घरातला फोन हातात येणं आणि पाळीबद्दल, अंगावर पांढरं जाण्याबद्दल काही शोधायला तो एकटीच्या हातात राहणं, यात अंतर आहे.

महिना होतो. नर्सबाई पुन्हा रक्त तपासतात. गोळ्या नीट घेतल्या तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढायला हवं. या बाईचं अजून ९.७ आहे, म्हणजे जवळपास वाढलंच नाही. आणि पहिला प्रश्न येतो : "गोळ्या घेत नाहीस का गं?" विचारण्याच्या सुरातच आरोप असतो. घेतल्या नसतील, ही एक शक्यता. चहाबरोबर घेतल्या असतील, ही दुसरी. पोटात जंत असतील. गरोदरपणाआधी पाळीत वर्षानुवर्षं जास्त रक्त जात असेल आणि साठा पार आटलेला असेल. विदर्भात, नंदुरबारकडे, आदिवासी भागांत सिकलसेल असतो, कुठे थॅलेसेमिया. तिथे लोह वाढवून भागत नाही, वेगळी तपासणी लागते. "मी रोज घेतली, तरी वाढलं नाही, मग दुसरं काही आहे का?" असं त्या बाईला विचारता येणं, हीच आरोग्य साक्षरतेची पुढची पायरी. पण ते विचारायला समोरच्याच्या तोंडावर ऐकून घेण्याची तयारी दिसावी लागते.

आणखी एका ठिकाणी पट्ट्या अर्ध्यावर राहतात. तीन-चार आठवड्यांत धाप कमी होते, चक्कर थांबते, कामाला हुरूप येतो. बरं वाटलं की औषध सोडायचं, ही आपल्या सगळ्यांची सवय. पण हिमोग्लोबिन वर आल्यावर शरीराचा लोहाचा साठा भरायला पुढचे काही महिने लागतात. आधी रक्त सुधारतं, कोठार नंतर भरतं. हे कारण कळलं की १८० हा आकडा सरकारी हुकूम वाटत नाही.

डॉन नटबीम या अभ्यासकाने २००० साली आरोग्य साक्षरतेच्या तीन पातळ्या मांडल्या. पहिली, सूचना वाचून-ऐकून पाळता येणं. दुसरी, बोलता-विचारता येणं, आपल्या परिस्थितीला ती सूचना लावून घेता येणं. तिसरी, मिळालेल्या सल्ल्याची पारख करता येणं आणि नको असेल तर नाही म्हणता येणं. लाल गोळीच्या गोष्टीत पहिल्या दोन पातळ्या दिसतात. तिसरीसाठी बीड जिल्ह्याकडे पाहावं लागतं, आणि तिथे मन घट्ट करावं लागतं.

२०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीडच्या ऊसतोड महिलांची माहिती आली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. दर सहा जणींमागे साधारण एक. त्यातल्या कित्येक चाळिशीच्या आतल्या. दसरा-दिवाळीच्या सुमाराला नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता' मुकादमाकडून उचल घेऊन निघतो. पाच-सहा महिने कोपीत राहायचं, जिथे संडास नाही आणि पाणी पुरत नाही. पहाटे तोडणी, मग मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरणं. एक दिवस पडून राहिलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. अशा ठिकाणी पाळीत कपडा बदलायला आडोसा नसतो. अंगावर पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, आणि बाई ते अंगावर काढते. हंगाम संपल्यावर दवाखान्यात गेली की सोनोग्राफी होते आणि सांगितलं जातं : पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.

या सल्ल्याची पारख करायला काय लागतं? अंगावर पांढरं जाणं बहुतेक वेळा जंतुसंसर्गाने होतं आणि गोळ्यांनी बरं होतं, हे माहीत असावं लागतं. जास्त रक्तस्रावावर आधी औषधं असतात, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन असतं, ऑपरेशन शेवटी. कॅन्सरची शंका असेल तर ती तपासणीने पाहतात, नुसत्या भीतीने नाही. गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली तर तिशी-पस्तिशीतच पाळी जाण्याचं वय येतं, हाडं ठिसूळ होऊ लागतात, हृदयाचाही धोका वाढतो. हे सगळं माहीत असलं तरी आणखी एक गोष्ट लागते : दुसऱ्या डॉक्टरकडे जाण्याइतका वेळ आणि पैसा. जिच्या डोक्यावर उचल आहे, तिला ऑपरेशन झाल्यावर दर महिन्याचा चार दिवसांचा खाडा वाचतो, हाही हिशेब दिसतो. तो हिशेब तिला कळतो म्हणूनच ती हो म्हणते. इथे "बायकांना कळत नाही" म्हणणं अन्यायाचं आहे. तिच्यापुढे ठेवलेले पर्यायच इतके थोडे होते की कळूनही उपयोग नव्हता. काहींना ऑपरेशन खरोखर लागतंच. पण दर सहा जणींमागे एकीला लागत नाही.

बायका बोलत नाहीत असं आपण म्हणतो, त्यामागे किती काळ कोणी विचारलंच नाही ते गडचिरोलीत दिसलं. राणी बंग आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. गावात राहून, बायकांशी त्यांच्याच शब्दांत बोलून हे काम झालं. त्रास होता आणि तो सांगायला शब्दही होते. विचारणारं माणूस तेवढं नव्हतं.

शाळा शिकलेली नसतानाही आरोग्य शिकता येतं याचा पुरावा जामखेडला आहे. १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य तिथे आलं आणि त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या अनेक जणी शाळेची पायरी न चढलेल्या, अनेक दलित वस्त्यांतल्या. त्या जामखेडच्या केंद्रावर नियमाने जमायच्या, एकत्र राहायच्या, गावातल्या अडचणी सांगायच्या, त्यांवर चर्चा करायच्या, आणि शिकलेलं गाण्यांतून, गोष्टींतून गावाला सांगायच्या. सुरक्षित बाळंतपण, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, मुलांची वजनं, असं सारं त्या शिकल्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती वेळ. एका व्याख्यानाने काही झालं नाही. त्याच बायका त्याच विषयांवर पुन्हा पुन्हा जमत राहिल्या, वर्षानुवर्षं.

आज एका अंगणवाडीत, एका दवाखान्यात एवढं सगळं करता येत नाही. पण काही गोष्टींना पैसा लागत नाही. सांगून झाल्यावर "समजलं ना?" विचारू नये, त्याला उत्तर नेहमी "हो" असंच येतं. त्याऐवजी विचारावं, "मी नीट सांगितलं की नाही ते बघायचंय. घरी गेल्यावर सासूबाईंना कसं सांगाल?" बाई तिच्या शब्दांत सांगते, आणि चहाचं राहिलं हे लगेच दिसतं. ते पुन्हा सांगायचं, पुन्हा विचारायचं. पट्टीच्या पाकिटावर पेनने सूर्य आणि चंद्र काढून द्यावा. घरात निर्णय घेणाऱ्या माणसाला पुढच्या वेळी सोबत बोलवावं.

बाईच्या बाजूनेही काही करता येतं. ऑपरेशनचा सल्ला मिळाला तर तीन गोष्टी विचाराव्यात : हे न करता दुसरं काय करता येईल, थांबलं तर काय होईल, अंडाशयं ठेवणार की काढणार. महाराष्ट्रात २०२१ पासून खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. आपल्या तपासणीचे कागद मिळण्याचा, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा, पुरुष डॉक्टर तपासत असताना सोबत एक बाई असण्याचा हक्क त्या सनदेत आहे. ती भिंतीवर दिसली नाही तर "ती कुठे लावली आहे?" असं विचारायला हरकत नाही.

आणि लाल गोळ्यांचं म्हणाल तर पुढच्या तपासणीला जाताना कार्डाबरोबर रिकाम्या पट्ट्याही न्याव्यात, उरलेल्या गोळ्याही न्याव्यात. किती राहिल्या ते न लाजता दाखवावं, का राहिल्या ते सांगावं : मळमळ झाली, पट्टी शेतावर न्यायची राहिली, सासूबाई नको म्हणाल्या, की संपल्या आणि उपकेंद्रात पुढच्या आल्याच नव्हत्या. यातल्या प्रत्येक कारणाला वेगळा उपाय आहे, आणि कारण कळलं तरच समोरच्याला तो करता येतो.